खारवेळचा न दिलेला टोला

हां हां, हात नको. चपला बाहेर काढल्यात ना? मग या, बसा निवांत. रवळनाथाच्या सभामंडपात ही रिकामी लाकडी चौकट कशाला, असं जो येतो तो विचारतो. कोणी म्हणतं झोपाळा होता, कोणी म्हणतं पालखी. परवा एका गृहस्थांनी तर तिला पंचाच वाळत घातला! ही वाद्याची चौकट आहे. तिच्या दोन्ही टोकांचे नाग आपल्याकडच्या सुतारानं कोरलेले नाहीत. ते जावा बेटावरून आले, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. आमच्या खाडीच्या तोंडाशी एक गलबत खडकावर चढलं. खलाशी मिळेल त्या तारवानं आपापल्या वाटेला लागले. एक म्हातारा तेवढा हलेना. त्याचं नाव विर्यो. त्याच्यासोबत काशाची वाद्यं होती, चांगली बावीस. काही उपड्या पातेल्यांसारखी, काही पट्ट्यांची, आणि सगळ्यांत मोठा गाँग. आपला देवळातला तास असतो ना, तसाच, पण गाडीच्या चाकाएवढा आणि मधे टेंगूळ. ही वाद्यं त्याच्या गावाची. दूरच्या बंदरात कुणाच्या लग्नात वाजवायला नेली होती. निघताना त्यानं गावाला शब्द दिला होता, जशी नेतोय तशी सगळी परत आणीन. एवढं ओझं घ्यायला कुठलंच तारू तयार होईना, म्हणून विर्योआजोबा इथंच राहिले. नऊ वर्षं!

जेवायला ते आमच्या घरी. आमचा मूळपुरुष धाकू गुरव, त्याच्या पंक्तीला. आजोबांनी गावाला ते वाजवायला शिकवलं. त्यांची रीत अशी, की प्रत्येकानं थोडंथोडंच वाजवायचं, एकमेकांचं ऐकत. फेरा पुरा झाला की शेवटी गाँगचा एकच टोला. तो पडेपर्यंत कुणी उठायचं नाही. तो टोला धाकूचा. असा द्यायचा म्हणे, की बायका चुलीवरचं दूध विसरायच्या.

आणि इथंच आमचं चुकलं. आमच्याकडे ढोलाचा मानकरी वेगळा, ताशाचा वेगळा, सनईचा वेगळा. वाद्य ज्याच्या हातात, ते त्याच्या घराचं. धाकूनं नऊ वर्षं गाँग वाजवला, तेव्हा त्याच्या लेखी तो त्याचा झाला. आजोबांच्या लेखी ती बावीस वाद्यं मिळून एकच अंग होतं. त्या सगळ्यांना मिळून एकच नाव होतं, माणसाला असतं तसं, आणि ते आदरानं घ्यायचं. सगळी एकत्र घडवलेली, एकमेकांच्या सुरात मिळवलेली. दुसरीकडचा गाँग आणून टांगला तर जुळायचा नाही. हे त्यांनी सांगितलं नव्हतं असं नाही. पण ऐकतो कोण!

दहाव्या वर्षी जावाकडे जाणारं एक गलबत पाण्यासाठी थांबलं. त्याचा तांडेल, म्हणजे कप्तान, भला माणूस, सगळं न्यायला तयार झाला. बांधाबांध सुरू झाली आणि गाँग दिसेना. धाकूनं तो भाताच्या कणगीत पुरला होता. मनाशी म्हणाला असेल, एवढी सगळी नेतायत, एक राहिला तर काय बिघडलं?

आजोबांनी कुणावर आळ घेतला नाही. धाकूजवळ मात्र येऊन म्हणाले, "धाकू, तुला दिसला तर सांग हो."

धाकूनं हो म्हणून मान हलवली. बस, एवढंच. सात पिढ्या झाल्या, ती हललेली मान अजून आमच्या मानगुटीवर आहे.

निघायच्या सकाळी आजोबांनी सगळ्यांना इथं बसवलं आणि शेवटचं वाजवायला लावलं. फेरा संपत आला, सगळ्यांच्या नजरा या चौकटीकडे गेल्या. टोला नाही. मग पुन्हा फेरा, पुन्हा तेच. किती वेळा वाजवलं कोण जाणे. धाकू सगळ्यांत बसलेला. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. पण चारचौघांत चोर ठरायची लाज, दुसरं काय! ओहोटी लागली तसा तांडेल ओरडू लागला. आजोबांनी हातातली मोगरी खाली ठेवली. चौकट मात्र नेली नाही. म्हणाले, "सापडला तर टांगायला लागेल."

गलबतानं शीड उभारलं आणि धाकूला राहवेना. घरी धावला, कणगी उलथली, गाँग होडीत घातला आणि एकटाच वल्हवत सुटला. खाडीच्या तोंडाशी लाटांनी होडी उलटी केली. कोळ्यांनी धाकूला ओढून काढलं. गाँग गेला तळाला. आजोबा गलबताच्या कठड्याला उभे होते म्हणे. ती होडी त्यांना दिसली की नाही, हे मात्र कुणीच सांगत नाही. दिसली असती तर बरं झालं असतं हो. निदान कळलं असतं, की पोरगं परत द्यायला निघालं होतं.

लोक सांगतील, ओहोटीला पाण्याखालून आवाज येतो. काही येत नाही! सत्तर वर्षं ऐकतोय मी.

आजही आमच्या या खारवेळ गावात वाद्याला मानकरी नाही. सगळी वाद्यं देवाची, हात कुणाचाही. आजही आरतीचा शेवटचा टोला आम्ही देत नाही. आमच्या घरातला एकजण टोल्याची दांडी उचलतो, गाव श्वास रोखून उभं राहतं, आणि तो ती खाली ठेवतो. मग सगळे न बोलता घरी जातात. गेली अडतीस वर्षं ती दांडी मी खाली ठेवतोय.

मागं एक बाई आल्या होत्या, शिकलेल्या, जावाला जाऊन आलेल्या. म्हणाल्या, "काका, मी तिकडून नवा गाँग पाठवते, बसवा इथं."

म्हटलं, "बाई, पाठवाल हो. वाजेलही चांगला. पण ज्यांना तो ऐकायचा होता, त्यांना कुठून आणाल?"