ओहोटीच्या वेळचा प्रवासी

पूर्वी एक वृद्ध गृहस्थ खाडीच्या मुखाशी पेढी चालवीत. परगावी निघालेल्यांना गलबतात जागा ठरवून देणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांचे दोन शिष्य होते. थोरल्याला साऱ्या बंदरांच्या भरती-ओहोटीच्या वेळा मुखोद्गत. धाकटा नवखा, वेळा सांगताना अजून अडखळणारा. पण तणतणत आलेले गिऱ्हाईक धाकट्यापुढे निवे आणि थोरल्यापुढे अधिकच पेटे. गुरू आता थकले होते. गादी धाकट्यालाच मिळणार, अशी बंदरावर कुजबुज होती आणि ती ऐकून थोरला आतल्या आत जळत होता.

एके दिवशी डोक्यावर गाठोडे घेतलेला एक व्यापारी धापा टाकीत आला. ओहोटी लागलेली, गलबते चिखलात कलंडलेली.

"आत्ताच्या आत्ता गलबत सोडा!"

"चिखलातून ढकलू का, शेठ?" थोरला म्हणाला. "उशीर तुम्ही केलात, ओहोटीनं नाही."

उत्तर बिनचूक होते. व्यापाऱ्याने पेढी बुडवण्याची भाषा सुरू केली. तेव्हा धाकट्याने उठून त्याचे गाठोडे उतरवले, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, "पलीकडे कोण वाट बघतंय, शेठ?"

व्यापारी मटकन खाली बसला. "लेक बाळंत व्हायची आहे. तिला आई नाही हो."

संध्याकाळच्या भरतीची जागा घेऊन तो मुकाट्याने गेला. थोरल्याच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. आपले कपडे गाठोड्यात बांधून तो गुरूंपुढे उभा राहिला.

"इतकी वर्षं खारा वारा खाल्ला मी, आणि कौतुक त्याचं! तुम्ही पक्षपाती आहात. मला आत्ताच्या आत्ता मोकळं करा!"

गुरू उठले. त्यांनी त्याच्या खांद्यावरचे गाठोडे उतरवले, तांब्या पुढे केला आणि विचारले, "कुठं जायचंय, बाळा?"

थोरल्याने मान खाली घातली. "कुठंच नाही. त्याच्याकडे बघता तसं एकदा माझ्याकडे बघा, एवढंच."

"तुझ्या आरोपाला माझ्यापाशीही बिनचूक उत्तर होतं," गुरू म्हणाले. "ते दिलं असतं तर मी जिंकलो असतो आणि तुला गमावून बसलो असतो. ओहोटी त्या व्यापाऱ्यालाही दिसत होती रे. मनातलं मागणं ओठावर येत नाही, तेव्हा माणूस भलतंच मागतो. ते भलतं देऊ नये. पण डोक्यावरचं ओझं तरी उतरवून घ्यावं."

"आणि गादी?" शिष्याने हळूच विचारले.

"ते अजून ठरलेलं नाही," गुरू हसून म्हणाले.

संध्याकाळी भरती आली आणि व्यापारीही आला. आता त्याला ठरलेली शिडाजवळची जागा नको होती. थोरल्याच्या जिभेवर उत्तर तयार होते. त्याने धाकट्याकडे पाहिले; मन थोडे जळलेच. मग त्याने ते उत्तर गिळले आणि दोन्ही हात पुढे केले.

"गाठोडं द्या इकडे, शेठ. लेकीचा काही निरोप?"