भरतीच्या वेळची हाळी

"नाव घेतलं नाहीत, तरी माझा दादा बुडालाच. मग नाव गिळून तुम्ही वाचवलंत कुणाला?"

हा प्रश्न एका तरुण धनगरानं एका अख्ख्या बेटाला विचारला. त्याचं उत्तर त्याला कुणीही, कधीही दिलं नाही. तो प्रश्न कसा निघाला, ते आता ऐका. लहानांनी ऐका, आणि ज्यांचे केस पिकलेत त्यांनी तर नीटच ऐका.

फार फार मागची गोष्ट. गलबतं वाऱ्यावर चालत आणि माणसं चाऱ्यामागं चालत, तेव्हाची. एका कोरड्या माळावर दोघे भाऊ शेरडं राखत होते. एकदा असा काळ आला, की माळावर खायला काटेही उरले नाहीत. म्हातारी आई म्हणाली, "जा रे बाबांनो. दर्यात एक बेट आहे म्हणतात, तिथलं गवत वाळतच नाही. तिथं शेरडं जगवा. माळावर पाऊस झाला, की माझ्याकडं परत या."

दोघे शेरडं घेऊन गलबतात चढले, आणि बेटावर उतरले.

बेट हिरवंगार होतं. माडांच्या झावळ्यांची घरं होती, घरांना दारं नव्हती. लोक मासा खात, भात खात आणि इतकं हळू बोलत, की शेजारी बसलेल्यालाही कान पुढं करावा लागे. मोठ्यानं हाक मारायची तिथं रीतच नव्हती. कुणाला बोलवायचं, तर नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटायच्या. हळू आपटल्या तर 'ये', भराभर आपटल्या तर 'मागं फीर'. एकमेकांची नावंही ते चारचौघांत घेत नसत. वारा नाव उचलतो आणि दर्याच्या कानात सांगतो, असं त्यांच्या वाडवडलांनी सांगितलं होतं. दर्याला नाव कळलं, की तो माणूस मागून घेतो. आणि ज्याला दर्यानं नेलं, त्याचं नाव तर घरातही काढायचं नाही.

पहिल्याच दिवशी शेरडांनी नाखव्याच्या घराची भिंत खाल्ली. नाखवा म्हणजे तिथल्या सगळ्या होड्यांचा म्हातारा पुढारी. धाकटा काठी सरसावून उभा राहिला. आता भांडण होणार, असं त्याला वाटलं. थोरला मात्र खो खो हसला, आणि खाली बसून नवी झावळी विणायला लागला. त्याला विणता येत नव्हतं. ती वाकडी झावळी बघून नाखव्यालाही हसू आलं.

तेव्हापासून थोरला बेटाचा झाला. तो माडावर चढायला शिकला. मासा खायला शिकला. हळू बोलायलाही शिकला, म्हणजे त्याच्या मानानं हळू.

धाकटा काहीच शिकला नाही. तो शेरडांचं दूध प्यायचा आणि तोंड फिरवून बसायचा.

"अरे, एक घास खाऊन तर बघ," थोरला म्हणायचा. "मासा आता शिजलाय. तो काही तुला चावणार नाही."

"वास बघ त्याचा!"

"आणि तुझ्या घोंगडीचा वास? तो काय अत्तराचा आहे? तरी हे लोक शेजारी बसतात ना आपल्या?"

"मी नाही बोलावलं त्यांना."

"म्हणून तर मी बोलावतो," थोरला म्हणायचा आणि धाकट्याच्या वाट्याचा मासाही खाऊन टाकायचा.

बेटाभोवती खडकांचं कडं होतं. होड्यांना आत-बाहेर जायला त्यात एकच खिंड होती. ओहोटीला लोक खडकांवर चालत जात आणि कालवं काढत. एके दिवशी थोरला एकटाच खिंडीजवळच्या खडकावर गेला. वाकून कालवं काढता काढता त्याचं पाण्याकडं लक्ष राहिलं नाही. त्याच्या मागं भरती लागली.

किनाऱ्यावरच्या लोकांनी पाहिलं. त्यांनी करवंट्या भराभर आपटायला सुरुवात केली. मागं फीर, मागं फीर. थोरल्यानं मान वर केली. सगळं शिकला होता तो, पण ही एक खूण त्याला कुणी सांगितली नव्हती. सगळ्यांना वाटत होतं, ती त्याला ठाऊक असणार. त्याला वाटलं, किनाऱ्यावर काही सण चाललाय. त्यानं हसून हात हलवला, आणि खडकावर दोन पावलं नाचलासुद्धा.

मग पाणी आलं. लोकांनी होडी पाण्यात लोटली, पण होडी पोचायच्या आत खडक रिकामा झाला होता.

धाकटा तेव्हा डोंगरापलीकडं शेरडं चारत होता. तो आला तेव्हा सगळे खाली माना घालून उभे होते. शेवटी जाळी विणणारी एक मावशी पुढं झाली. तिचाच लेक होडी घेऊन गेला होता. तिनं जसं झालं तसं सांगितलं, हात हलवलेलाही सांगितला.

"करवंट्या त्याला कळल्या नाहीत, हे तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं रे."

"मग हाक का नाही मारलीत? सुभाना, मागं फीर! एवढंच तर म्हणायचं होतं!"

ते नाव ऐकताच माणसं चार पावलं मागं सरली. एका बाईनं पोराचे कान झाकले.

"त्याचं नाव घेऊ नकोस, पोरा," नाखवा हळूच म्हणाला. "पाण्यावरच्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही. आता तर मुळीच नको. दर्यानं ऐकलं, तर तो तुलाही नेईल."

तेव्हा धाकट्यानं तो प्रश्न विचारला. नाखव्यानं दर्याकडं पाहिलं. मावशीनं जमिनीकडं पाहिलं. मग एकेक करून सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी भरती लागली, तेव्हा धाकटा किनाऱ्यावर येऊन उभा राहिला. माळावरचे धनगर एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराला हाळी घालतात. ती हाळी गळ्यातून निघत नाही, पोटातून निघते. त्यानं दोन्ही तळवे तोंडाशी धरले.

"सुभानाऽऽऽ दादाऽऽऽ! मागं फीऽऽऽर!"

माडांवरचे पक्षी उडाले. घराघरांतून माणसं बाहेर आली.

त्या दिवसापासून रोज भरती लागली, की तो हाळी घालायचा. दादा परत येणार नाही, हे त्याला कळत होतं. पण जी हाक मारायची राहिली होती, ती कुणीतरी मारायलाच हवी होती.

नाखवा त्याला समजवायला आला. "इथं राहायचं तर आमच्यासारखं राहावं लागेल, पोरा. तुझा भाऊ बघ, कसा साखरेसारखा विरघळला होता आमच्यात."

"विरघळला खरा," धाकटा म्हणाला. "आणि तुम्ही त्याचं नावसुद्धा ठेवलं नाहीत."

"गप्प राहशील तर आमचा आहेस. नाहीतर पुढचं गलबत येईल, तेव्हा चालता हो."

"गलबत येईल तेव्हा बघू. आज भरती आहे."

मग बेटानं त्याला वाळीत टाकलं. त्याला कुणी चुलीतला विस्तव देईना. तो वाटेनं आला, की लोक वाट सोडत. एकटी मावशी तेवढी हाळीच्या वेळी जाळं घेऊन जरा लांब बसायची. कधीतरी तिच्या नवऱ्यालाही दर्यानं नेलं होतं. हाळी उठली की तिचे ओठ हलायचे, पण त्यांतून काही निघायचं नाही.

एकदा तिनं विचारलं, "तुझ्या त्या हाळीत आणखी एक नाव मावेल का रे?"

"कुणाचं? सांग की."

मावशीनं तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. जाळं गोळा करून ती निघून गेली.

असे दिवस चालले होते. मग एका दुपारी बेटावरच्या सगळ्या होड्या बाहेर असताना दर्या फिरला. वारा सुटला. पावसाचा असा पडदा आला, की किनाऱ्यावरून दर्या दिसेना आणि दर्यावरून बेट दिसेना. बायका, म्हातारे, पोरं सगळी किनाऱ्यावर धावली आणि करवंट्या आपटू लागली. पण झावळ्यांवर पाऊस असा कोसळत होता, की ज्याच्या हातात करवंट्या होत्या, त्यालाही त्या ऐकू येत नव्हत्या. होड्यांना खिंड सापडली नाही, तर खडकांवर त्यांचा चुरा होणार होता.

धाकटा झोपडीत शेरडांजवळ बसला होता. मावशी भिजत त्याच्यासमोर आली.

"मला गप्प राहायला सांगितलंय ना?" तो म्हणाला. "राहतोय गप्प. आपटा तुमच्या करवंट्या."

मावशी त्याच्या पाया पडली नाही. रडलीही नाही. ती तशीच पाण्यापर्यंत गेली, तिनं तळवे तोंडाशी धरले, आणि होडीवरच्या आपल्या लेकाला हाक मारायला लागली. जन्मभर हळू बोललेली बाई ती. तिच्या गळ्यातून चिमणीएवढाही आवाज निघेना. तरी ती तोंड उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती.

धाकट्यानं ते पाहिलं. मग त्यानं काही विचार केला नाही. विचार करून वागणारा तो नव्हताच. तो धावत सुटला. थेट खिंडीजवळच्या त्याच खडकावर तो चढला, जिथून दादानं हात हलवला होता. पाणी कमरेला लागत होतं, आणि त्याला पोहता येत नव्हतं.

हाळी घालायची, तर नाव लागतं. होड्यांवरच्या एकाचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं. त्यांनी ते कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून जे नाव ठाऊक होतं, तेच त्यानं पोटातून काढलं.

"सुभानाऽऽऽ! इकडं येऽऽऽ! सुभानाऽऽऽ!"

होड्यांवर माणसांनी ते नाव ऐकलं. काहींनी डोळे मिटले. पण नाखवा ओरडला, आयुष्यात पहिल्यांदाच ओरडला, "वळवा! त्या नावाकडं वळवा!"

ज्या नावाला सारं बेट भीत होतं, त्याच नावाच्या मागं एकेक होडी खिंडीतून आत आली. मावशीचा लेक आला. सगळ्यांत शेवटी नाखव्याची होडी आली. तोवर पाणी धाकट्याच्या छातीशी आलं होतं आणि त्याच्या तोंडातून हाळीबरोबर रक्त येत होतं. नाखव्यानं वाकून त्याचा दंड धरला आणि त्याला होडीत ओढून घेतलं.

धाकट्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि फाटक्या आवाजात पुन्हा तेच विचारलं, "मग नाव गिळून... वाचवलंत कुणाला?"

नाखव्यानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी भरती लागली. धाकटा किनाऱ्यावर उभा राहिला, त्यानं तळवे तोंडाशी धरले, पण आवाज निघाला नाही. हाळी कायमची गेली होती. कुजबुजण्यापुरता काय तो आवाज उरला होता. तो तसाच तोंड उघडून उभा राहिला.

मागून एक बारीक आवाज आला, "सुभाना..." मावशी होती ती. मग तिचा लेक. मग आणखी कुणी. बेटाची माणसं एकेक करून येऊन उभी राहिली आणि हाका मारायला लागली. पण काय त्या हाका! पुढच्या लाटेपर्यंतही पोचेनात.

धाकट्याला राग आला. तो तरातरा नाखव्याजवळ गेला आणि त्यानं त्याच्या पोटावर जोरात हात दाबला.

"इथून," तो कुजबुजला. "गळ्यातून नाही. इथून काढा."

एवढ्या मोठ्या माणसाच्या पोटाला कुणी असा हात लावला नव्हता. नाखव्यानं आधी डोळे वटारले. मग त्यानं श्वास घेतला, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानं तो स्वतःच दचकला. मावशी हसता हसता रडली. मग तिनंही पोटावर हात दाबला आणि दुसरंच एक नाव दर्यावर सोडलं. ते कुणाचं, हे कुणी विचारलं नाही.

काही दिवसांनी गलबत आलं. माळावर पाऊस झाल्याची बातमी त्यानं आणली.

"जाऊ नकोस," नाखवा म्हणाला. "पाण्याजवळचं घर तुला देतो. मासा खायचा आग्रहही करणार नाही."

"आईला सांगायला हवं," धाकटा कुजबुजला. "दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

शेरडं त्यानं मावशीला दिली. भिंती सांभाळ, एवढंच सांगितलं. पण गलबतात चढण्याआधी नाखव्यानं त्याला थांबवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "तुझं नाव काय रे पोरा?" इतके दिवस कुणी ते विचारलं नव्हतं. त्यानं सांगितलं.

गलबत खिंडीत शिरलं. तो दादाचा खडक डाव्या हाताला आला. तेवढ्यात मागून, किनाऱ्यावरून, साऱ्या बेटाची हाळी उठली. पाण्यावरच्या जिवंत माणसाला त्या बेटानं नावानं मारलेली ती पहिली हाक.

"हैबतीऽऽऽ! सांभाळून जाऽऽऽ!"

उलट हाळी घालायला त्याच्याजवळ आवाज नव्हता. म्हणून तो गलबताच्या काठाशी उभा राहिला आणि त्यानं हात उंच हलवला. दादानंही असाच हलवला होता, पण त्याला काही कळलं नव्हतं. हैबतीला कळलं होतं. हाक पोचली, एवढं त्यांना कळावं, म्हणून किनारा दिसेनासा होईपर्यंत त्यानं हात खाली घेतला नाही. त्या लोकांसाठी त्यानं केलेलं ते शेवटचं काम.

तात्पर्य: माणूस बुडत असताना जी रीत तोंड मिटायला लावते, ती रीत मोडावी आणि माणसाला त्याच्या नावानं हाक मारावी.