दिवाणसाहेब का उठले

चंदनगड संस्थानाचं राज्यगीत सुरू झालं, की सगळ्या दरबारानं उठून उभं राहायचं, असा रिवाज होता. तेच गीत म्हाळू गोंधळ्यानं जत्रेत संबळाच्या तालावर गायलं आणि दिवाणांचं पित्त खवळलं.

“हे कसलं राज्यगीत? हा नुसता धिंगाणा,” ते भरदरबारात राजेसाहेबांना म्हणाले. “संबळ जप्त करा.”

म्हाळूला संबळासकट दरबारात हजर केलं होतं. त्याचं घर संबळावरच चालत होतं.

“सरकार, आधी एकदा ऐका तरी,” तो म्हणाला आणि संबळ घुमवत त्यानं पहिली ओळ उचलली. सवयीनं सगळा दरबार उठला. पगडी सावरत दिवाणही उठले. म्हाळू मध्येच थांबला.

“दिवाणसाहेब, धिंगाण्याला कशाला उठलात?”

राजेसाहेबांनी कसंबसं हसू आवरलं. “म्हाळू, गीत पुरं कर बाबा. दिवाण ताटकळलेत.”