नारिंगी वामन

"मास्तर, मॉनिटर खोटं बोलतोय. आता तरी मान्य कराल?"

ऋजुताने हे उंबऱ्यातूनच विचारलं. हातात छापील प्रूफ होतं.

"आधी चपला काढ गो," तातू चितारी मास्तर म्हणाले. ते खिडकीशी बसून एका गोल पत्त्यावर लाख चढवत होते. मान वर केली नाही.

सावंतवाडीत हाताने गंजिफाचे पत्ते रंगवणारी जी थोडी घरं उरली, त्यांतलं हे एक. ऋजुता पुण्याहून इथे शिकायला आली होती. चित्रकलेतलं सुवर्णपदक बरोबर घेऊन आली होती, आणि ते कुणी विसरणार नाही याची काळजीही घेत होती. आईबापांनी नाव ठेवताना जरा घाईच केली असावी.

मास्तरांच्या आज्याने रंगवलेला दशावतारी पत्त्यांचा जोड आता छापून निघायचा होता. पत्त्यांचे फोटो मास्तरांनी काढले होते. संगणकावर त्यांचे रंग जुळवायचं काम ऋजुताकडे होतं. खेळणारा पत्ता ओळखतो तो आधी त्याच्या जमिनीच्या, म्हणजे चित्रामागच्या रंगावरून. या जोडात वराहाची जमीन तांबडी, वामनाची नारिंगी. ते दोन सारखे दिसले की डाव मोडला, आणि भांडण पक्कं.

घराची एक रीत होती. प्रूफच्या पाठीवर रंग जुळवणाऱ्याने स्वतःचं नाव पेन्सिलीने लिहायचं; बरोबर असो वा चूक, काम आपलं म्हणून. आजवर तिथे मास्तरांचंच नाव पडलं होतं. यंदा ऋजुताला आपलं हवं होतं. त्यासाठी तर ती इतके महिने इथे राहिली होती.

पण पेन्सिल मास्तरांच्या कानावर. मागितली की म्हणत, "फाल्या."

फाल्या म्हणजे उद्या. एवढं मालवणी ऋजुता पहिल्याच आठवड्यात शिकली होती.

"काय झाला?" मास्तरांनी विचारलं.

"संगणक अपडेट झाला, तिथून हे सगळं सुरू झालं. पडद्याचे रंग मापात ठेवणारं कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर रुसलं. रोज सकाळी तेच... रंगमापक सापडत नाही, प्रोफाइल लागलं नाही."

"मगे?"

"मी तो निरोप बंद करून कामाला लागायचे. पत्ते पुरे करायचे होते ना! काल पत्ते संपले, म्हणून दुरुस्तीला हात घातला."

"कसा केलंस?"

आता ऋजुताला स्फुरण चढलं. मास्तर असं कधी विचारत नसत.

"जुनं सॉफ्टवेअर मुळापासून काढलं. नवं घातलं. रंगमापक हबमधून काढून थेट संगणकाला जोडला. अपडेटने आपल्या मनाने उजेड कमीजास्त करायची सोय चालू केली होती, ती शोधून बंद केली. पडदा तापू दिला, मग मोजलं. खात्री म्हणून पुन्हा मोजलं. पुण्यात लोक यासाठी तंत्रज्ञ बोलावतात, मास्तर. मी एकटीने केलं."

"आणि आता?"

"आता माझा वामन तांबडा दिसतो! वराहाचा सख्खा भाऊ! काल सकाळपर्यंत छान नारिंगी होता. म्हणजे नव्या अपडेटशी हे सॉफ्टवेअर जुळतच नाही. प्रिंटरलाही तीच लागण झालीय, हे बघा."

तिने प्रूफ पुढे केलं. वामन तांबडा होता खरा.

मास्तरांनी कुंचला खाली ठेवला.

"मापान काय सांगितला? मॉनिटर बरोबर लागलो?"

"मापात तर उत्तम."

"लागतलोच. तुझ्यासारख्या कोण करतला? माका तर जमाचा नाय."

ऋजुताचा चेहरा उजळला. मास्तरांची स्तुती म्हणजे सावंतवाडीत दुर्मीळ माल. ती अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी ताठ झाली.

"म्हणजे मॉनिटर बरोबर," मास्तर म्हणाले.

"हो, म्हणजे... नाही! बरोबर असता तर माझे पत्ते असे दिसले असते का?"

"पत्त्यांचे रंग कोणी जुळयले?"

"मीच."

"मॉनिटर कोणी लावलो?"

"मीच."

"दोनांतला एक खोटा आसा. खयचा, ता तूच सांग."

ऋजुता अडकली. एका हाताने दुरुस्ती धरली होती, दुसऱ्या हाताने पत्ते. दोन्ही तिचेच होते आणि कुठलंच सोडवेना.

"पत्ते खोटे नाहीत," ती शेवटी म्हणाली. "डोळ्यांत तेल घालून काम केलंय मी."

मास्तरांनी पेटी उघडली, आज्याच्या हातचा वामन काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

ती पत्ता घेऊन कोपऱ्यातल्या संगणकाशी गेली. मास्तरांनी काढलेला मूळ फोटो उघडला, तिचे बदल होण्याआधीचा. पत्ता त्याच्याशेजारी धरला.

नारिंगी... आणि नारिंगी.

मग आपली फाइल उघडली. तांबडी.

आता तिला कळलं. प्रोफाइल लागेनासं झालं त्या दिवसापासून पडदा निळसर झाला होता. डोळे त्याला सरावले. नारिंगी फिकं वाटलं की ती तांबडं ओतत गेली होती, रोज थोडं, अगदी मन लावून. आणि पडदा सांगत होता ते, रोज सकाळी, तिनेच बंद केलं होतं. शरमेने तिला मास्तरांकडे बघवेना.

खिडकीबाहेर कुणीतरी गाईला हाकत गेलं.

"मास्तर..."

"हं."

"मॉनिटर बरोबर आहे."

"हं."

"मी चुकलेय. वामनच नाही, सगळेच पत्ते पुन्हा करावे लागतील."

मास्तर उठले. कानावरची पेन्सिल काढली. प्रूफ उलटं करून तिच्यापुढे ठेवलं आणि पेन्सिल त्यावर ठेवली.

ऋजुता दचकली. महिनोन्महिने जिच्यासाठी जीव टाकला ती पेन्सिल समोर होती, आणि तिचा हात पुढे होईना.

"यावर? पण मास्तर, हे तर चुकलेलं प्रूफ आहे!"

मास्तर खिडकीशी जाऊन बसले. कुंचला उचलला.

"पत्ते फाल्या सुधार गो. नाव आज लिव."