दारावरची पहारेकरीण

एकदा एका डोंगरगावात एक वृद्ध मधपाळ राहत होते. सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या वसाहती जोपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि आसपासचे लोक त्यांना गुरुजी म्हणत. पुढे कानांनी साथ सोडली. समोर उभं राहून मोठ्याने बोललं तर ऐकू येई, पण फोनवरचं बोलणं संपलं. मग त्यांनी सगळीकडे कळवलं, ‘भिंतीत, झाडात कुठेही पोळं लागलं तर जाळू नका. फोटो काढून मला मेल करा, मी येऊन घेऊन जाईन.’ त्या एका पत्त्यामुळे कितीतरी वसाहती वाचल्या. गुरुजींना त्याचा अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

पण पत्ता सज्जनांना सापडतो तसा उपटसुंभांनाही सापडतो. गुरुजींना रोज लॉटऱ्या लागू लागल्या, न मागता कर्जं मंजूर होऊ लागली, गुडघेदुखीवरच्या चमत्कारिक तेलांचा तर पूर आला. या गर्दीत एका शाळेचा मेल बुडाला. तो सापडून गुरुजी तिथे पोहोचले तेव्हा पोळ्याची राख झाली होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यांची शिष्या वैजयंता हिला हे पाहवेना. ही मुलगी शहरातली बरी नोकरी सोडून माश्यांच्या मागे आलेली. हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. “गुरुजी, हे काम माझ्यावर सोडा,” असं सांगून ती त्यांचा फोन घेऊन बसली. जो आगंतुक दिसेल तो ब्लॉक. दुसऱ्या दिवशी तोच नाव बदलून हजर! फोनवरून हाकललेला टॅबलेटवर ठाण मांडून बसलेला, आणि खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर तर सगळी वरातच उतरलेली. अखेर ती चिडली. तिने मेलच्या मूळ खात्यातच नियम घातला, की ओळखीच्या पत्त्यांखेरीज जे काही येईल ते थेट कचरापेटीत जावं.

संध्याकाळपर्यंत तिन्ही पडदे लख्ख झाले. “बघा गुरुजी, आता एक माशीसुद्धा आत शिरणार नाही,” ती ऐटीत म्हणाली.

गुरुजींनी तिन्ही पडदे न्याहाळले. “फार शांत झालं,” एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर वैजयंता अंगणातल्या मधपेट्यांकडे गेली आणि जागीच थबकली. माश्यांनी सर्वांत भरलेल्या पेटीच्या दाराला, म्हणजे त्यांच्या ये-जा करण्याच्या फटीला, गुरुजी ओल्या मातीचा गोळा लिंपत होते. बाहेरून परतलेल्या माश्या तिथे घोंघावत एकमेकींवर चढत होत्या.

“गुरुजी, अहो, हे काय करताय?” ती ओरडलीच.

“बंदोबस्त. परक्या पेटीतल्या लुटारू माश्या घुसू बघत होत्या. आता एकही शिरायची नाही.”

“पण या लुटारू नाहीत! पाय बघा त्यांचे, परागाने भरलेत. कुठून कुठून गोळा करून आणलाय बिचाऱ्यांनी. आणि आतल्या घुसमटतील!” परवानगीची वाट न बघता तिने नखांनी माती उकरून काढली.

गुरुजी बाजूला झाले. मोकळ्या झालेल्या दाराशी एक माशी पुढे येऊन उभी राहिली आणि प्रत्येक येणारीला हुंगू लागली. तिच्याकडे बोट करून ते म्हणाले, “ही पहारेकरीण. ही कुणाचं तोंड ओळखत बसत नाही. तिला गंध पुरतो, कारण एका घरातल्या सगळ्यांना एकच गंध असतो. लुटारूंच्या घराचा गंध आला की त्यातल्या एकीलाही ती आत घेत नाही. तू मात्र एकेकाचं नाव धरून हाकलत बसलीस. नाव बदलायला त्यांना काय लागतं? आणि ही उभी राहते ती दारात, आतल्या प्रत्येक पोळ्यापाशी नव्हे. तेवढं तुला काल उमगलं, मला बरं वाटलं. पण मग तू दारालाच माती लिंपलीस. वाट चुकलेली परकी माशी पराग घेऊन आली तर ही तिला हुंगते आणि बहुधा आत घेते. अगं वैजू, मला मेल करणारा प्रत्येक जण पहिल्यांदा परकाच असतो. ज्याच्या भिंतीत आज पोळं लागलं, तो काल माझ्या ओळखीचा कसा असेल?”

वैजयंता धावत घरात गेली आणि कॉम्प्युटरवरची कचरापेटी उघडली. जाहिरातींच्या ढिगात कालचा एक मेल होता. वाईच्या कुणा शुभदा वाडकरांनी लिहिलं होतं, ‘आमच्या इमारतीच्या मीटरच्या पेटीत माश्या बसल्या आहेत. उद्या दुपारी औषध मारायला माणूस येणार आहे. तुम्ही आलात तर फार बरं होईल.’

रिकामी पेटी स्कूटरला बांधून दोघं निघाले. पोहोचले तेव्हा औषधाचा पंप पाठीला लावलेला माणूस वैतागून उभा होता, आणि त्याच्यासमोर हात आडवा धरून वाडकरबाई सांगत होत्या, “थांबा हो, मी मेल केलाय. येतील ते.” ती आख्खी वसाहत, राणीमाशीसकट, सुखरूप घरी आली.

त्याच संध्याकाळी वैजयंताने जुना नियम काढून नवे घातले. मेलच्या पत्त्यातलं @ नंतरचं घराचं नाव, म्हणजे डोमेन, ती तपासू लागली. पाठवणाऱ्यांची नावं शेकडो, पण घरं तीच ती मोजकी. तेवढी डोमेनं तिने मूळ खात्यात बंद केली, म्हणजे फोन, टॅबलेट आणि कॉम्प्युटर तिन्हीकडे ती एकदमच बंद झाली. ज्या मोठ्या डोमेनांवरून सगळं जग मेल करतं त्यांना तिने हात लावला नाही. संशय येईल ते कचऱ्यात न टाकता वेगळ्या कप्प्यात जाऊ दिलं, आणि तो कप्पा ती रोज स्वतः उघडून वाचू लागली. हे काम कंटाळवाणं होतं, पण तिने ते कधी टाळलं नाही.

पुढे फुलोऱ्याच्या दिवसांत मधपालन शिकायला नवी मंडळी आली. गुरुजी त्यांना पेट्या दाखवत होते. एकाने मोठ्याने विचारलं, “गुरुजी, इतक्या माश्यांमध्ये पहारेकरीण कशी ओळखायची?”

शिष्याची तोंडावर स्तुती करायची नाही, हा गुरुजींचा जन्माचा शिरस्ता. ओसरीवर वैजयंता मान खाली घालून संशयाचा कप्पा चाळत होती. गुरुजींनी तिकडे बोट केलं आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाले, “ती बघा. आमची पहारेकरीण.”

सगळ्या अंगणाला ते ऐकू गेलं. वैजयंताने मान वर केली नाही, पण समोरचा मेल तिला धूसर दिसू लागला. तिने डोळे पुसून तो पुन्हा वाचला. एका अनोळखी माणसाने भिंतीतल्या पोळ्याचा फोटो पाठवला होता. ती उठली आणि रिकामी पेटी काढायला गेली.