दाऊदभाईंची टाकी

मिरजेच्या कुमुदताई आरवाडे दिवंगत नवऱ्याची मोटारसायकल घेऊन कोल्हापूरला जुन्या गाड्यांच्या फेरीत आल्या होत्या. मूळ टाकी गंजून गेली, तेव्हा नवऱ्याचे दोस्त दाऊदभाई यांनी आपल्या वेगळ्या मॉडेलच्या गाडीची टाकी आणि मडगार्ड काढून दिलं, म्हणून ही मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आली होती.

फेरीचे प्रमुख रावसाहेब इंगवले यांनी गाडीभोवती चक्कर मारली आणि चारचौघांत म्हणाले, “अंग एकीचं, कपडे दुसरीचे. ही गाडी नव्हे, खिचडी आहे. बाजूला घ्या.”

लोक हसले. कुमुदताई शांतपणे म्हणाल्या, “रावसाहेब, गेल्या साली बहिणीनं तुम्हाला आपली किडनी दिली. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. तेव्हापासून तुम्ही मूळचे रावसाहेब राहिला नाहीत, असं कुणी म्हटलं का?”

हसू थांबलं. रावसाहेबांचा हात नकळत पोटावर गेला. मग त्यांनी हळूच विचारलं, “ही टाकी दिली कुणी?”

कुमुदताईंनी गर्दीतल्या दाऊदभाईंकडे हात केला.

“मग त्यांनाही सोबत घ्या, आणि गाडी सगळ्यांत पुढं लावा.”

निघताना कुमुदताईंनी रावसाहेबांना हात जोडले. रावसाहेबांनी आपले हात मात्र मागच्या सीटवर बसलेल्या दाऊदभाईंना जोडले.