कारंडगीचा चौथा दगड

कारंडगीच्या माळावर चार दगड आहेत. त्यातले तीन उन्हापावसानं आणि पोरांच्या टाचांनी गुळगुळीत झालेत. चौथा पाचकोनी आहे, आणि त्याच्यावरच्या छिन्नीच्या खुणा अजून बोटाला लागतील अशा आहेत. लागतील म्हणायचं, कारण आता बोट लावून कुणी बघत नाही.

पाहुणे संध्याकाळचे आले तर त्यांना खेळही बघायला मिळतो. पोरगं दांडक्यानं चेंडू टोलवतं, तीन दगडांवर पाय देत गोल फिरून येतं आणि चौथ्याच्या एक पाऊल अलीकडे थबकतं. मग ओरडतं, "सरकार, शिवू का?" सगळं मैदान गप्प होतं. उत्तर कुणी देत नाही. शेवटी कुणीतरी चेंडू घेऊन चालत येतं, त्याच्या पाठीला टेकवतं, आणि पोरगं बाद होऊन खाली बसतं. पाहुणे हसतात. हसू द्यावं, त्यांना माहीत नसतं. पंचायतीनं तिथं 'मानाचा दगड' अशी पाटी लावली आहे. मान कुणाचा, ते पाटीवर नाही.

गोष्ट नदीवर पूल होत होता तेव्हाची. कारंडगी त्या वेळी एक लहानसं संस्थान होतं. पुलाच्या कामावर एक अमेरिकन साहेब आला होता, हॅडली नावाचा. त्याच्या मुलखात तेव्हा नुकतेच पगारी खेळगडी निघाले होते म्हणे. माणसानं दुसरं काही करायचं नाही, चेंडू मारायचा आणि महिन्याला पगार घ्यायचा. एकेक गडी असा, की तो दांडकं घेऊन उभा राहिला की गावातली दुकानं बंद व्हायची. साहेब हे रंगवून सांगायचा आणि सरकार, म्हणजे इथले राजे, ऐकायचे. सरकारांना आधीच पैलवान पदरी ठेवायचा नाद. त्यांनी बेसबॉलचे गडी ठेवले. शेजारच्या मुरकोळकरांना हे कळल्यावर ते कसे मागे राहतील? त्यांनीही ठेवले. दोन संस्थानांत वर्षाला एक सामना ठरला, जिंकणाऱ्याला जरीचं निशाण. पहिल्या वर्षी ते मुरकोळला गेलं आणि सरकारांना घास गोड लागेनासा झाला.

पुलासाठी दगड फोडायला वडारांची बिऱ्हाडं माळावर उतरली होती. त्यात एक यल्लप्पा होता. मैदानाचे चारही दगड साहेबानं त्याच्याकडूनच घडवून घेतले. चौथा पाचकोनी पाहिजे म्हटल्यावर यल्लप्पानं तो असा काढला की साहेब त्याच्यावर हात फिरवत राहिला. मग साहेबानं गंमत म्हणून त्याच्या हातात दांडकं दिलं. जन्मभर घण मारलेला तो हात. पहिलाच चेंडू पुलाच्या खांबांपलीकडे गेला. त्या दिवसापासून यल्लप्पा सरकारांचा पगारी गडी झाला.

त्याच्या बायकोचं नाव नागम्मा. तिला या खेळाचं काडीचं कौतुक नव्हतं. धडधाकट माणसानं लाकडाच्या तुकड्यानं चेंडू हाणायचा आणि शहाण्यासुरत्या लोकांनी टाळ्या पिटायच्या, हे तिला येडचापपणाचं वाटायचं. तिचं चित्त माळाच्या कडेच्या हिवराच्या झाडाकडे असायचं. त्या उन्हाळ्यात तिची धाकटी लेक तापानं गेली होती आणि तिला त्या हिवराखाली पुरलं होतं. वडाराचं बिऱ्हाड म्हणजे काम संपलं की गाढवावर सामान. नागम्मानं आजवर पुष्कळ गावं सोडली होती, मागं वळून बघितलं नव्हतं. हे गाव मात्र तिला सोडवत नव्हतं.

ही गोष्ट सरकारांच्या कानावर गेली. त्यांनी चारचौघांत शब्द दिला, "यल्लप्पा, निशाण आण. हा माळ तुम्हा वडारांना कायमचा दिला. घरं बांधा." हे ऐकल्यापासून नागम्मा रोज नवऱ्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवू लागली.

आणि मग उपाध्यांच्या डोक्यात किडा वळवळला. सामन्याच्या दिवशी सकाळी, यश यावं म्हणून, त्यांनी त्या चौथ्या दगडाची पूजा मांडली. देवीचं आवाहन केलं, शेंदूर लावला. म्हणाले, आता हा नुसता दगड नव्हे, गड्यांनी त्याला पाय लावू नये. वाकून, हात लावून नमस्कार करावा, तीच फेरी पुरी झाली असं धरावं. पंच साहेबच होता, त्यानं खांदे उडवून मान्य केलं. तेवढ्यात कुणाला तरी आठवलं, यल्लप्पा वडार आहे. तो देवीला कसा शिवणार?

कारभारी मोठा हुशार माणूस. त्यानं लगेच तोड काढली. यल्लप्पाच्या आधीचे गडी अर्ध्या फेरीत दगडांवर थांबलेले असले म्हणजे झालं. त्यानं नुसतं मारायचं, दगडाला शिवायला दुसऱ्यांनी यायचं. सगळ्यांना हे पटलं. यल्लप्पालाही बोलावून सांगितलं. तो "जी" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

नागम्मा दोरीपलीकडे, बायकांच्याही मागं, उन्हात उभी होती. तिच्या नवऱ्यानं त्या दिवशी काय मारलं! चेंडू नुसते दिसेनासे होत होते. त्याच्या प्रत्येक टोल्यावर कुणी ना कुणी धावत येई, वाकून शेंदराला हात लावी, आणि लोक त्या वाकणाऱ्याला खांद्यावर घेत. यल्लप्पा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दगडावर थांबून राही. नागम्माच्या बाजूला उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "तुझा दादला पळत का न्हाई गं?"

शेवटच्या डावाला दोन्हीकडच्या फेऱ्या सारख्या झाल्या. बरोबरी झाली तर निशाण गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडे, म्हणजे मुरकोळलाच राहणार. कारंडगीचा शेवटचा गडी उरला होता, आणि तो यल्लप्पा होता. दगडांवर कुणी नव्हतं. त्याच्याऐवजी फेरी पुरी करायला कुणीच नव्हतं. कारभारी साहेबाकडे पळाला, याच्या जागी दुसरा धावला तर चालेल का? साहेब म्हणाला, मारील तोच फिरेल.

यल्लप्पानं मारला. तसा टोला पुन्हा कुणी बघितला नाही असं सांगतात. चेंडू माळ ओलांडून थेट नदीत पडला. मुरकोळचे दोन गडी पाण्यात उतरले. त्या मैदानाला कुंपण नव्हतं, चेंडू कितीही लांब जावो, फिरून यावंच लागे. यल्लप्पा धावत सुटला. पहिला दगड, दुसरा, तिसरा. आख्खं गाव ओरडत होतं. नागम्मा पण ओरडत होती, तिच्या भाषेत, आणि आपण ओरडतोय हे तिला कळत नव्हतं. तिला माळावर घरं दिसत होती.

चौथ्या दगडाच्या एक पाऊल अलीकडे तो थांबला.

वेळ भरपूर होता. चेंडू अजून पाण्यातच होता. गाव एकदम गप्प झालं. यल्लप्पानं सरकारांच्या मंडपाकडे तोंड केलं आणि हात जोडून विचारलं, "सरकार, शिवू का?"

सरकारांनी उपाध्यांकडे बघितलं. उपाध्ये देवीच्या देवळाकडे बघू लागले.

"सरकार, शिवू का?"

सरकारांनी नदीकडे तोंड फिरवलं. नुसतं हो म्हणायचं होतं. नाही म्हणाले असते तरी माणूस समजून चालला असता. ते काहीच बोलले नाहीत. मग गावही बोललं नाही. सकाळपासून त्याच्या नावानं घसा फोडणाऱ्या एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही.

मुरकोळचा गडी चेंडू घेऊन ओल्या कपड्यांनी आला. आधी धावत होता, मग त्यानं काय चाललंय ते बघितलं आणि चालू लागला. म्हणे त्यालाच लाज वाटत होती. त्यानं चेंडू यल्लप्पाच्या पाठीला हलकेच टेकवला. यल्लप्पा बाद झाला, निशाण मुरकोळलाच राहिलं.

माळाचं पुढं कुणी नाव काढलं नाही. शब्द निशाणाचा होता, निशाण आलं नाही, असं कारभाऱ्यानं सांगितलं, आणि पुलाचं काम उरकलंच होतं, तेव्हा बिऱ्हाडं हलवा म्हणाला. मुरकोळकरांनी यल्लप्पाला दुप्पट पगारावर बोलावणं धाडलं. त्यानं नकार दिला. दांडकं नागम्मानं चुलीत घातलं. बाभळीचं होतं, चांगलं जळलं.

निघायच्या दिवशी ती हिवराखाली बसून होती. गाढवं लादून झाली तरी उठेना. शेवटी यल्लप्पानं तिला हाताला धरून उठवलं. मग ती सरळ मैदानावर आली. सरकार हॅडली साहेबाला निरोप द्यायला तिथंच आले होते. तिनं त्या दगडाकडे बोट केलं.

"त्याच्या हातानं ह्यो दगड झाला, तवा बाटला न्हाई. तुमी शेंदूर फासला, मग त्याचा हात बाटवाया लागला व्हय? माजा मालक तुमाला इचारून ऱ्हायला, सरकार. तुमी बोलला न्हाई. आता तुमी बोलत न्हाई तवर आमच्यातलं कुणी ह्याला शिवायचं न्हाई. आन् तुमची पोरंबी हितं येऊन हेच इचारतील, त्यास्नीबी कुणी सांगणार न्हाई. तुमचा डाव कंदी पुरा व्हायचा न्हाई."

ती गेली. पुढच्या वर्षी सामन्यात कारंडगीचा पहिला गडी फिरून आला आणि चौथ्या दगडापाशी त्याचे पाय जागच्या जागी गोठले. दुसऱ्याचंही तेच झालं. उपाध्यांनी शांती केली, दगड धुऊन काढला, शेंदूर खरवडला. उपयोग शून्य. निशाण कारंडगीला कधीच आलं नाही. सरकार उत्तर न देताच वारले. पुढं संस्थानही गेलं. आता बोलायचं म्हटलं तरी कुणी बोलायचं?

अलीकडे रस्त्याच्या कामाला वडारांची बिऱ्हाडं पुन्हा आली. गावानं बैठक घेतली, नारळ आणला, साडी आणली, आणि त्यातल्या एका तरुण बाईला वाजतगाजत माळावर नेलं. बाई, दगडाला शिवा, एवढा आमच्यावरचा शाप उतरवा. तिनं आधी हिवर कुठं आहे ते विचारलं. तिथं जाऊन पालापाचोळा झाडला, थोडा वेळ बसली. मग दगडापाशी आली.

"सरकार बोललं का?" तिनं विचारलं.

लोक हातातल्या नारळाकडे बघू लागले. ती म्हणाली, "मंग कशाला बोलीवलं मला?" साडी तशीच ठेवून ती कामावर गेली. टोपलं उचललं आणि खडी टाकू लागली.

हिवर अजून आहे. माळावर आता सरकारी गोदाम आहे, घरं नाहीत. आजही संध्याकाळी पोरं खेळतात, तीन दगड फिरून येतात, चौथ्यापाशी थांबून विचारतात. आणि आजही आपण मोठी माणसं पारावर बसून ते ऐकतो, आणि नदीकडे बघतो.